बडोद्याची संग्रहालये आणि आपण
(ग्रंथालयाच्या शताब्दी महोत्सवातील व्याख्यान)



शंभर वर्षे अखंड चाललेल्या या ग्रंथालयाच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा मान आपण मला दिलात, त्याबद्दल मी आपला ऋणी आहे. मी इतिहासाचा संशोधक नाही, की संग्रहालयशास्त्राचा अभ्यासकही नाही. या शहरातील एका शाळेत मी तीस वर्षे मास्तरकी केली, आणि त्या तीस वर्षांत दर हिवाळ्यात मुलांची एक रांग घेऊन सयाजीबागेतील संग्रहालयात गेलो, एवढाच माझा या विषयावरील अधिकार. स्थानिक इतिहासाचे संग्रहालय, त्यातील प्रदर्शने आणि त्याभोवती व्हावयाचे सांस्कृतिक उपक्रम यांवर बोलावे, असे कार्यकारी मंडळाने सुचविले. ग्रंथालयाच्या शताब्दीत संग्रहालयावर व्याख्यान कशासाठी, असे कोणाच्या मनात आले असेल, तर त्याचे उत्तर शेवटी माझ्या एका मागणीत मिळेल. तोवर थोडा धीर धरावा, ही विनंती.

संग्रहालय पाहून परत आलेल्या मुलाला ‘काय पाहिलेस?’ म्हणून विचारले, की गेल्या अनेक पिढ्यांत उत्तर बदललेले नाही. पहिले उत्तर ‘देवमासा’, दुसरे उत्तर ‘ममी’. १९४४ साली महीनदीच्या मुखाशी सापडलेल्या निळ्या देवमाशाचा तो सुमारे सत्तर फुटी सांगाडा, आणि इजिप्तमधील ते हजारो वर्षांपूर्वीचे प्रेत, या दोन वस्तूंनी बडोद्यातील लहान मुलांच्या कल्पनेवर जे राज्य केले, ते आमच्या कोणत्याही धड्याला जमले नाही. एकदा एका मुलीने मला विचारले, “सर, हा मासा आपल्या गावचा आहे का?” मी हसलो खरा, पण प्रश्न खोल होता. देवमासा निदान आपल्या महीच्या मुखाशी आला होता. ममी तर सातासमुद्रांपलीकडची. मग आपल्या गावचे म्हणून या इमारतीत काय आहे, आणि काय नाही? आजचे माझे बोलणे म्हणजे त्या मुलीला उशिरा दिलेले उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम ‘काय आहे’ ते पाहू.

श्रीमंत सयाजीराव महाराज तिसरे यांचा जन्म १८६३ सालचा, नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा. १८७५ साली दत्तक विधान होऊन ते बडोद्यास आले आणि १८८१ साली राज्यकारभाराची सूत्रे त्यांच्या हाती आली. १८८७ साली त्यांनी पहिली युरोपयात्रा केली. बडोद्यात संग्रहालय उभारावयाचे, हा संकल्पही त्याच वर्षाचा. चिझम या वास्तुविशारदाच्या हातची ती इमारत १८९४ साली पूर्ण झाली. त्या काळी हिंदुस्थानातील अनेक संस्थानिकांकडे शिकारीत मारलेली वाघांची मुंडकी, परदेशी घड्याळे, हस्तिदंती खेळणी यांची दालने असत. ती पाहुण्यांना दाखविण्यासाठी असत. बडोद्याचे वेगळेपण एवढेच, की येथे हे दालन रयतेसाठी उघडले. भूगर्भातील खनिजे, प्राणी व पक्षी, देशोदेशींचे विणकाम, धातुकाम, भांडी, शिल्पे असा सारा पसारा त्यांत मांडण्यामागे एक शिक्षकी दृष्टी होती. ज्याला पुस्तक वाचता येत नाही, त्याला निदान वस्तू वाचता यावी, ही ती दृष्टी.

हे मी केवळ गौरवाने म्हणत नाही. आसपासच्या सालांकडे पाहावे. १८८६ साली मौलाबक्षांच्या हातून संगीतशाळा सुरू झाली. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या नेतृत्वाखाली कलाभवन निघाले. पुढे भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून नावारूपास आलेले धुंडिराज गोविंद फाळके हे त्याच कलाभवनाचे विद्यार्थी. १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग झाला आणि १९०६ साली ते शिक्षण साऱ्या राज्यभर लागू झाले. १९१० साली अमेरिकेहून बोर्डन नावाच्या ग्रंथालयतज्ज्ञास बोलावून मध्यवर्ती ग्रंथालय व खेडोपाडीची ग्रंथालये यांचे जाळे विणले गेले. शाळा, कारागिरी, गाणे, ग्रंथ आणि वस्तू ही पाच भावंडे एकाच घरात वाढली. आज आपण ती वेगवेगळ्या खात्यांची, वेगवेगळ्या कुलपांतली मानतो, ही आपली विस्मृती.

संग्रहालयाशेजारील चित्रदालनाची कथा तर एखाद्या कादंबरीत शोभावी. त्याचे बांधकाम १९०८ साली सुरू झाले व १९१४ साली पुरे झाले. स्पीलमन या इंग्रज कलासमीक्षकाने युरोपातील चित्रे निवडून दिली होती. पण इमारत तयार झाली त्याच वर्षी महायुद्ध पेटले, आणि चित्रे समुद्रापलीकडेच अडकून पडली. भिंती तयार, खिळे तयार, आणि चित्रे नाहीत, अशी ती वर्षे गेली. दालन लोकांसाठी उघडले ते १९२१ साली. योगायोग असा, की त्याच १९२१ साली बडोद्यात मराठी साहित्य संमेलन भरले होते आणि अध्यक्षस्थानी नरसिंह चिंतामण केळकर होते. १९०९ आणि १९३४ या सालांतही संमेलने बडोद्यास झाली होती, आणि पुढे २०१८ साली पुन्हा झाले. मराठी वाङ्मयाला राजाश्रय देणारे हे शहर त्याच काळी जगाची चित्रकलाही आपल्या दारी आणीत होते, ही गोष्ट आपण अभिमानाने सांगावी. मात्र ती दालने आपण शेवटची कधी पाहिली, हेही स्वतःला विचारावे.

या संग्रहाला शास्त्रीय शिस्त लावण्यात हर्मन गोएट्झ या जर्मन कलेतिहासकाराचा वाटा फार मोठा. मायदेशातील नाझी राजवटीपासून दूर आलेला हा पंडित येथे संचालक म्हणून १९४० नंतर दहा-बारा वर्षे राबला. संग्रहालयाचे संशोधनपर नियतकालिक निघाले, ते याच काळात. पुढे १९५४ साली दिल्लीस राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय स्थापन झाले, तेव्हा त्याचे पहिले अभिरक्षक म्हणून याच गृहस्थांना बोलाविण्यात आले. आणि १९५२ साली येथील महाराजा सयाजीराव विद्यापीठात संग्रहालयशास्त्राचा स्वतंत्र विभाग निघाला. वस्तू कशी जपावी, तिची नोंद कशी करावी, ती लोकांपुढे कशी मांडावी, हे शिकविण्याची सोय आपल्या उंबऱ्याशी गेली सत्तर वर्षे आहे. आपण तिचा काय उपयोग केला, हा प्रश्न मी तूर्त बाजूस ठेवतो.

आता अकोट्याकडे वळू. आज अकोटा म्हटले की आपल्यापुढे मैदान, पूल आणि सोसायट्या येतात. विश्वामित्रीच्या काठी येथे अंकोट्टक नावाचे प्राचीन नगर होते. १९५१ साली तेथे जैन धातुमूर्तींचा एक मोठा निधी उजेडात आला. एकूण ६८ मूर्ती, साधारण पाचव्या शतकापासून बाराव्या शतकापर्यंतच्या. डॉ. उमाकांत प्रेमानंद शाह यांनी त्यांचा सांगोपांग अभ्यास करून १९५९ साली ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि पश्चिम हिंदुस्थानच्या शिल्पेतिहासात बडोद्याचे नाव पक्के झाले. त्यांत जीवंतस्वामींची, म्हणजे दीक्षेपूर्वीच्या राजवेषातील महावीरांची, एक मूर्ती आहे. मुकुट, अलंकार, आणि चेहऱ्यावर सर्वांपलीकडची शांतता. मी मुलांना तिच्यापुढे नेहमी थांबवीत असे, आणि मूर्तीपेक्षा तिच्या पीठाकडे बोट दाखवीत असे. त्या पीठावर लेख आहे. नागीश्वरी नावाच्या एका श्राविकेने ही मूर्ती अर्पण केली, असे तो सांगतो. राणी नव्हे, सेनापतीची पत्नी म्हणून कोठे उल्लेख नाही. एक भाविक स्त्री. चौदाशे वर्षे झाली, राज्ये आली आणि गेली, नगराचे नावसुद्धा झिजून अकोटा झाले, पण वस्तूवर नाव कोरले होते म्हणून नागीश्वरी उरली. हे नाव आपण लक्षात ठेवावे. माझ्या बोलण्याच्या उत्तरार्धात मला तिची पुन्हा गरज लागणार आहे.

संग्रहालय म्हणजे एकच इमारत, असे आपण धरून चालतो. बडोद्यात खरे तर भिंतीसुद्धा संग्रहालये आहेत. भाऊ तांबेकर हे १८४९ ते १८५४ या काळात राज्याचे दिवाण होते. त्यांचा वाडा आज पुरातत्त्व खात्याच्या संरक्षणाखाली आहे. त्याच्या भिंतींवर कृष्णलीला आहेत, महाभारत आहे, आणि इंग्रज-मराठे यांच्या लढाईचे प्रसंगही आहेत. एका मराठी कारभाऱ्याच्या घरात देव, पुराण आणि ताजे राजकारण एकाच भिंतीवर नांदत होते, याहून त्या काळच्या मनाचे बोलके चित्र कोणते? कीर्तिमंदिरात नंदलाल बोस यांनी १९३९ ते १९४६ या अवधीत रंगविलेली गंगावतरण, भारतीय युद्ध, मीराबाई आणि नटीर पूजा ही चार भित्तिचित्रे आहेत. पुराण, महाकाव्य, संतपरंपरा आणि बौद्ध कथा अशा चार भिंतींत साऱ्या देशाची संस्कृती मांडण्याचा तो प्रयत्न. आणि राजवाड्याच्या आवारात १९६१ साली निघालेले महाराजा फत्तेसिंह संग्रहालय. राजघराण्यातील मुलांच्या शाळेसाठी बांधलेल्या इमारतीत आज राजा रविवर्म्याची चित्रे आहेत.

रविवर्म्याबद्दल दोन शब्द अधिक बोलतो, कारण ‘प्रदर्शन’ या शब्दाचा अर्थ त्यातून स्पष्ट होतो. दिवाण सर टी. माधवराव यांच्या निमंत्रणावरून तो १८८१ साली बडोद्यास आला. पुढे महाराजांनी त्याच्याकडून पुराणांतील व महाकाव्यांतील प्रसंगांची चौदा चित्रे काढवून घेतली. ती राजवाड्यात जाण्याआधी लोकांसमोर प्रदर्शनरूपाने मांडली गेली, तेव्हा ती पाहावयास लोटलेल्या गर्दीची वर्णने आजही वाचावयास मिळतात. देव आपल्यासारखेच दिसतात, त्यांचे लुगडे आपल्या आईच्या लुगड्यासारखे आहे, हे सामान्य माणसाने प्रथमच पाहिले. १८९४ साली रविवर्म्याने मुंबईस छापखाना काढला. तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्या तसबिरी आपल्या देवघरांत येऊन बसल्या. एका प्रदर्शनाने आणि एका छापखान्याने देवांचे चेहरे बदलून टाकले. प्रदर्शन म्हणजे वस्तू फडताळातून काढून टेबलावर ठेवणे नव्हे. पाहणाऱ्याच्या मनात ज्याने काही बदलते, ते प्रदर्शन.

परंतु वस्तू स्वभावतः मुकी असते. काचेच्या पेटीत ठेवलेला तंबोरा पाहून गाणे कळत नाही. म्हणून संग्रहालयाला सांस्कृतिक कार्यक्रमांची जोड हवी, आणि बडोद्यात ही जोड नवी नाही. १८८० साली तंजावरच्या मराठी राजघराण्यातील लक्ष्मीबाई, म्हणजेच पहिल्या महाराणी चिमणाबाई, विवाह होऊन येथे आल्या, तेव्हा त्यांच्यासोबत तंजावरच्या नर्तकी आणि वादकही आले. गुजरातच्या भूमीवर दक्षिणेचे नृत्य मराठी सुनेच्या पावलांनी आले, ही केवढी गोष्ट! १९१६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या पुढाकाराने पहिली अखिल भारतीय संगीत परिषद येथेच भरली. उस्ताद फैयाज खाँ येथील दरबारचे गवई होते आणि १९५० साली त्यांचा देह याच शहरी ठेवला गेला. हे सारे आज आपण कोठे ‘पाहू’ शकतो? ध्वनिमुद्रिका आहेत, छायाचित्रे आहेत, वाद्ये आहेत. पण तबल्याची जोडी मांडून तिच्यामागे कोणी बसेल, एखादा जाणता त्या बैठकीची हकीकत सांगेल आणि शेजारच्या भिंतीवर त्या सालची जाहिरात टांगलेली असेल, तेव्हाच तो इतिहास लोकांना भेटतो.

आपल्या पूर्वसूरींना हे ठाऊक होते. बडोदे राज्याच्या ग्रंथालय खात्याने केवळ पुस्तकेच वाटली नाहीत. लाकडी पेट्यांतून फिरती ग्रंथालये गावोगाव गेली, आणि त्यांच्याबरोबर जादूचा कंदील व चलच्चित्रे दाखविणारी शाखाही गेली. दिवसा शेतात राबलेली माणसे रात्री चावडीपुढे बसून पडद्यावर दूरदेशीची चित्रे पाहात. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी येथील ग्रंथालय हेच फिरते संग्रहालय होते. खात्याने १९१२ साली काढलेले नियतकालिक इंग्रजी, गुजराती आणि मराठी अशा तीन भाषांत निघे, हेही येथे नमूद करावेसे वाटते.

येथवर ‘काय आहे’ ते सांगितले. आता त्या मुलीच्या प्रश्नाची दुसरी बाजू. काय नाही?

संग्रहालयात महाराज आहेत, दिवाण आहेत, चित्रकार आहेत, इजिप्तचा कोणी मृतात्मा आहे. आपण नाही. ‘आपण’ म्हणजे कोण? साताऱ्याहून, कोकणातून, नाशकाकडून पोटासाठी येथे आलेला कारकून, फडणिशीत मोडीत खर्डे लिहिणारा, पागेतला शिलेदार, दांडिया बाजारातील खानावळवाली, कीर्तनकार, गणपतीच्या दहा दिवसांत मेळा बसविणारा मास्तर, आणि लग्न होऊन या परमुलखात आलेली, सहा महिन्यांत शेजारणीकडून गुजराती शिकून भाजीवाल्याशी हुज्जत घालू लागलेली आमची आजी. या लोकांनी या शहराला घडविले. त्यांच्या वस्तू कोठे आहेत?

याचे उत्तर मला माझ्याच अपराधातून द्यावे लागेल. हे मी आजवर जाहीरपणे बोललो नव्हतो.

आमचा जुना वाडा सोडून आम्ही नव्या वसाहतीत राहावयास गेलो, त्या वेळची गोष्ट. माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. तीत आजोबांच्या वेळचे कागद होते, सारे मोडीत. वडील निवर्तले होते, मला मोडी येत नव्हती, नव्या घरात माळा नव्हता. हलवाहलवीच्या घाईत मी पस्तीवाल्यास हाक मारली. त्याने काट्यावर वजन केले आणि पैसे हातावर ठेवले. आई ओट्यावर बसून पाहात होती. ती एवढेच म्हणाली, “अरे, एकदा कोणाकडून वाचून तरी घ्यायचे होतेस.” मी म्हणालो, “आई, त्यात काय असणार? जुने हिशेब असतील.” 

ट्रंक मात्र आम्ही ठेवली. बऱ्याच वर्षांनी ती रंगवावयास काढली, तेव्हा तळाशी चिकटलेला एक कागद हाती आला. तोवर मला थोडी अक्कल आली होती. मोडी जाणणाऱ्या एका वृद्ध स्नेह्यांकडे मी तो घेऊन गेलो. त्यांनी चष्मा पुसून वाचावयास सुरुवात केली. खरोखरच हिशेब होता. आमच्या आत्याच्या लग्नात शेजारपाजारच्या घरांतून आणलेल्या भांड्यांची ती याद होती. कोणाकडून किती पराती, कोणाकडून पातेली, समया कोणाच्या, सतरंज्या कोणाच्या, आणि प्रत्येक ओळीपुढे ‘पावते केले’ अशी खूण. घरे मराठी होती, तशीच गुजरातीही होती. दोन नावे मुसलमान होती. एका ओळीपुढे मात्र खूण नव्हती. कोणाचा तरी एक तांब्या आम्ही परत केला नव्हता.

आम्ही दोघेही बराच वेळ काही बोललो नाही. शंभर वर्षांपूर्वीची आमची पोळ त्या एका कागदावर उभी राहिली. कोण कोणाकडे मागावयास जाऊ शकत असे, कोणावर कोणाचा विश्वास होता, लग्न एका घराचे असले तरी पंगत साऱ्या गल्लीच्या भांड्यांवर कशी उठे, हे कोणत्याही छापील इतिहासात मला मिळाले नव्हते. आणि असे ट्रंकभर कागद मी वजनावर विकले होते! त्यांत आणखी काय होते, हे आता कोणालाच कधी कळणार नाही. गेलेला ग्रंथ कदाचित दुसऱ्या कोठल्या ग्रंथालयात मिळेल. घरातला कागद एकच असतो.

हा अपराध माझ्या एकट्याचा असता, तर मी आपला वेळ घेतला नसता. या सभागृहात बसलेल्या कितीजणांच्या घरी अशा ट्रंका होत्या, हे प्रत्येकाने आपल्या मनाशी आठवावे. वाडे पडताहेत, त्यांच्या जागी इमले उभे राहताहेत, मुले पुण्याला, बंगळूरला, अमेरिकेला गेली आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या घरांत माळा नाही, आणि मोडी आमच्याच पिढीने सोडली.

तर आता माझी मागणी. या ग्रंथालयाने आपल्या दुसऱ्या शतकाच्या आरंभी स्थानिक मराठी जीवनाचा एक छोटा संग्रह सुरू करावा. त्यासाठी नवी इमारत नको, संगमरवर नको. वाचनकक्षाशेजारची, जिच्यात आज मोडक्या खुर्च्या आहेत, ती एक खोली पुरे. 

हे कसे करावे, याविषयी चार गोष्टी सुचवितो.

पहिली गोष्ट नोंदीची. वस्तू आली की प्रथम नोंदवहीत तिचा क्रमांक पडावा: काय आहे, कोणाची, कोणी वापरली, कोठून आली, कशाची बनली, लांबीरुंदी किती, स्थिती कशी. आणि जी गोष्ट देणारा तोंडी सांगेल, ती त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावी. ‘पितळी अडकित्ता’ असे लिहून भागत नाही. ‘हा अडकित्ता आजी कमरेला बांधून ठेवीत असे, कारण सुपारीची चोरी सूनच करते अशी तिची खात्री होती’, हे लिहिले की तो अडकित्ता इतिहासात गेला.

दुसरी गोष्ट पावतीची, आणि ती मी कटु अनुभवातून बोलतो. एका संस्थेच्या प्रदर्शनासाठी मी वडिलांची नक्षीची दौत आणि एक जुने छायाचित्र दिले होते. प्रदर्शन उत्तम झाले, हारतुरे झाले. वस्तू परत मागावयास गेलो, तर कोणाकडे नोंद नव्हती. ज्यांनी वस्तू घेतल्या, ते कार्यकर्ते बदलले होते. कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. निष्काळजीपणाला लबाडीची गरज लागत नाही. म्हणून आपल्याकडे प्रत्येक वस्तूची दुहेरी पावती असावी, दान की उसनवार हे तीत स्पष्ट असावे, आणि परत करावयाची तारीख असावी. आमच्या आजोबांनी परातींचासुद्धा हिशेब ठेवला होता. जेथे पावती मिळते, तेथेच लोक विश्वासाने दुसरी वस्तू आणून देतात. आणि वस्तूखालच्या पाटीवर देणाऱ्याचे नाव असावे. नागीश्वरीचे नाव पीठावर होते म्हणून आज आपण तिला ओळखतो.

तिसरी गोष्ट भाषेची. या पाट्या मराठीत असाव्यात, आणि तितक्याच ठळक अक्षरांत गुजरातीतही असाव्यात. महाराजांनी १९३१ साली राज्यकारभारातील शब्दांचा ‘श्रीसयाजीशासनकल्पतरु’ हा कोश प्रसिद्ध करविला, तो एका भाषेत नव्हता, आठ भाषांत होता. आपण येथे पाहुणे नाही आणि एकटेही नाही. त्या यादीतल्या पराती ज्यांच्या घरून आल्या, त्यांच्या नातवंडांनाही हा संग्रह आपला वाटला पाहिजे. याच खोलीत आठवड्यातून एक दिवस मोडीचा वर्ग चालावा. दहा तरुण मुलामुलींना मोडी वाचता आली, तरी अनेक ट्रंका वाचतील.

चौथी गोष्ट कार्यक्रमांची. वर्षातून एकच प्रदर्शन करावे, पण एका विषयावर आणि मनापासून करावे. एका वर्षी ‘बडोद्यातील मराठी स्वयंपाकघर’: पाटा-वरवंटा, विळी, रोवळी, पुरणयंत्र, जुन्या पाककृतींच्या वह्या. आणि त्याच दिवसांत चार वृद्ध गृहिणींनी सांगावे, की आमटीत गूळ थोडा अधिक कधीपासून पडू लागला आणि उंधियो आपल्या घरात कसा शिरला. दुसऱ्या वर्षी ‘गणेशोत्सव व मेळे’, त्यासोबत जुन्या मेळ्यांतील पदांचे गायन. तिसऱ्या वर्षी ‘शाळा आणि मास्तर’. दरवर्षी १८ मे हा दिवस जगभर संग्रहालय दिन म्हणून पाळला जातो; १९७७ सालापासून ही प्रथा आहे. शाळांना तेव्हा सुटी असते आणि नातवंडे आजोळी आलेली असतात. आपल्या प्रदर्शनाचे उद्घाटन त्याच दिवशी करावे. उद्घाटन मंत्र्यांच्या हस्ते नको. त्या वर्षी सर्वांत जुनी वस्तू देणाऱ्या आजीच्या हस्ते व्हावे.

खर्चाचे काय, असे कोषाध्यक्ष विचारतील, आणि ते योग्यच आहे. चार काचेची कपाटे, नोंदवह्या, वाळवी व ओल यांपासून कागद जपण्याची थोडी सामग्री, एवढ्याने आरंभ होईल. विद्यापीठाच्या संग्रहालयशास्त्र विभागाकडे आपण गेलो, तर सल्ला मिळेल आणि विद्यार्थीही मिळतील, असा मला विश्वास वाटतो. सर्वांत दुर्मिळ गोष्ट पैसा नव्हे. दर शनिवारी दोन तास येऊन नोंदी करणारे चार सभासद मिळणे, हे दुर्मिळ आहे. त्या चौघांत माझे नाव आजच लिहून घ्यावे. डोळे थोडे अधू झाले आहेत. पण मी सांगेन आणि कोणी तरुण लिहील.

न्यायमंदिरातून न्यायालये हलल्यापासून त्या वास्तूत शहराचे संग्रहालय व्हावे, असे अनेक नागरिकांच्या मनात आहे. ते व्हावे आणि थाटाने व्हावे, अशीच माझी इच्छा आहे. पण उद्या ते झाले आणि त्यांनी आपल्याला विचारले, की ‘मराठी घरांतले काही द्याल काय?’, तर आपल्यापाशी द्यावयास काय असेल? आज जपले नाही, तर त्या दिवशी आपण केवळ आठवणी सांगत बसू. आणि आठवण सांगणारेही तोवर किती उरतील?

बंधुभगिनींनो, शंभर वर्षांपूर्वी ज्यांनी या ग्रंथालयासाठी घरातली पुस्तके डोक्यावर वाहून आणून दिली, त्यांची नावे आपल्या जुन्या दाखलनोंदणी पुस्तकात आजही आहेत. आज सकाळी मी ते पुस्तक मुद्दाम काढून पाहिले. कागद पिवळा पडला आहे, कोपरे तुटताहेत, शाई फिकी झाली आहे. माझी सूचना मान्य झाली, तर संग्रहाच्या नोंदवहीत पहिला क्रमांक त्या पुस्तकाचा पडावा. दुसरा क्रमांक पडण्यासाठी मी आज आमचा तो भांड्यांच्या यादीचा कागद बरोबर आणला आहे. सभा संपल्यावर तो कार्यवाहांच्या स्वाधीन करतो. पावती मात्र घेईन.

आणि आपल्यापैकी कोणाच्या पणजोबांचा एक तांब्या आमच्याकडे राहिला असेल, तर कृपा करून मला भेटावे. तो कोणता, हे आता सांगता यावयाचे नाही. पण देणे लागतो, एवढे लेखी आहे.